सैन्यातून परत आलेल्या आपल्या मुलांसाठी स्कॉलरशिपची अट बदला: अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र

अमेरिकेतल्या सगळ्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणीला, आणि खास करून स्कॉलरशिप कमिटीतल्या काका-काकू, दादा-ताईंना सप्रेम नमस्कार.

सरळ मुद्द्यावर येते. गेल्या काही वर्षांत मंडळांच्या स्कॉलरशिपचे जे जे फॉर्म माझ्या हातात आले त्या सगळ्यांवर थोड्याफार फरकाने एकच अट होती, की अर्जदार यंदा हायस्कूल संपवणारा असावा आणि येत्या फॉलमध्ये फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी म्हणून कॉलेजात जाणारा असावा. सोबत जीपीए म्हणजे शाळेतल्या गुणांची सरासरी, एसएटी नाहीतर एसीटी या प्रवेश परीक्षेचा स्कोअर आणि शाळेच्या काउन्सेलरचं पत्र. आता अठराव्या वर्षी आर्मीत किंवा नेव्हीत गेलेलं पोरगं, जे चार-पाच वर्षं सेवा करून बाहेर पडलंय आणि तेविसाव्या वर्षी ट्रान्स्फर स्टुडंट म्हणून, म्हणजे आधी केलेल्या अभ्यासाचे क्रेडिट (श्रेयांक) सोबत घेऊन, कॉलेजला अर्ज करतंय, ते या फॉर्मात कुठे बसतं? कुठेच नाही. शाळेच्या काउन्सेलरला त्याचं नावसुद्धा आठवत नसतं आणि एसएटी दिलीच असेल तर तिला पाच वर्षं होऊन गेलेली असतात.

माझी मागणी एवढीच आहे की ही अट बदला. ती कुणी मुद्दाम घातलीये असं मला अजिबात वाटत नाही, आपल्यातली बहुतेक मुलं हायस्कूलमधून थेट कॉलेजात जातात, त्यामुळे फॉर्म बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर तीच असतात, एवढंच. पण दुसऱ्या वाटेने जाणारी मुलंही आपलीच आहेत आणि त्यांची वाट नेमकी कशी असते हे बहुतेकांना माहीतच नसतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

मी एका कॉलेजच्या व्हेटरन्स म्हणजे माजी सैनिकांच्या ऑफिसात काम करते, माझं पद स्कूल सर्टिफाइंग ऑफिशियल. म्हणजे जीआय बिलवर (सैन्यात सेवा केलेल्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारी सरकारी योजना) शिकणारा विद्यार्थी या सेमिस्टरला कुठले कोर्स घेतोय, किती क्रेडिटचे, कधी सुरू होणार, कधी संपणार, आणि त्यातला प्रत्येक कोर्स त्याच्या डिग्रीत खरंच मोजला जातोय का, हे मी व्हीएला म्हणजे व्हेटरन्सच्या सरकारी खात्याला कळवायचं आणि मग त्याचे पैसे सुटतात. शिवाय माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा आर्मीत मेडिक होता, त्याचं ट्रान्स्फरचं सगळं प्रकरण आमच्या डोळ्यासमोर घडलं. त्याने एका मंडळाकडे (नाव घेत नाही) स्कॉलरशिपची चौकशी केली तेव्हा उत्तर आलं की ही रेग्युलर विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि तसंही तुम्हाला सरकार सगळं फुकट देतं ना. बहिणीला ते फार लागलं. पोरगा काही बोलला नाही, फोन ठेवला आणि आतल्या खोलीत निघून गेला.

हे जे 'सगळं फुकट' आहे ना, त्याबद्दल आधी बोलूया, कारण गैरसमजाचं मूळ तिथेच आहे.

११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ज्यांनी सेवा केली त्यांच्यासाठी पोस्ट-नाइन-इलेव्हन जीआय बिल आहे. एकूण ३६ महिने सक्रिय सेवा झाली असेल तर १०० टक्के फायदा मिळतो, म्हणजे सरकारी युनिव्हर्सिटीची इन-स्टेट (त्या राज्यातल्या रहिवाशांच्या दराची) ट्यूशन पूर्ण, प्रायव्हेट असेल तर दरवर्षी ठरणाऱ्या मर्यादेपर्यंत, पुस्तकांसाठी वर्षाला जास्तीत जास्त १००० डॉलर आणि राहण्यासाठी महिन्याला भत्ता, जो कॉलेजच्या झिप कोडवरून ठरतो. चांगलीच योजना आहे, मी रोज तिच्यावरच काम करते आणि तिच्यामुळे किती घरं उभी राहिली तेही बघते. पण सेवा कमी झाली की टक्केही कमी होतात, दीड ते दोन वर्षांची असेल तर ७० टक्के. गार्ड आणि रिझर्व्हवाल्यांचं, म्हणजे अर्धवेळ सेवेतल्यांचं, गणित अजून वेगळं. आणि मुख्य म्हणजे हे सगळं फक्त ३६ महिन्यांपुरतं. नऊ महिन्यांचं एक शैक्षणिक वर्ष धरलं तर बरोबर चार वर्षं, त्यापुढे स्वतःचं स्वतः बघायचं.

राहण्याचा भत्ता पण बारा महिने येत नाही. मे मध्ये सेमिस्टर संपली की ऑगस्टमध्ये पुढची सुरू होईपर्यंत भत्ता बंद, समर क्लास घेतला तर तेवढ्या दिवसांचा मिळतो पण मग ३६ महिन्यांतले महिने उडतात. कोर्सचा लोड निम्म्याहून जास्त नसेल तर भत्ता मिळतच नाही, आणि सगळे क्लास ऑनलाइन असतील तर देशाच्या सरासरीच्या निम्मा. वर तो महिना संपल्यावर मागच्या महिन्याचा येतो. म्हणजे ऑगस्टच्या शेवटी क्लास सुरू झाले तर त्या महिन्याचे जेमतेम काही दिवस मोजले जातात आणि पूर्ण महिन्याचा पहिला भत्ता ऑक्टोबर उजाडल्याशिवाय हातात पडत नाही. इकडे घरमालकाला डिपॉझिट आणि पहिलं भाडं ऑगस्टमध्येच हवं असतं. दर फॉलला माझ्या ऑफिसात या एकाच कारणाने गळ्याशी आलेली पोरं येतात, इराक-अफगाणिस्तान बघून आलेली धडधाकट माणसं, आणि खालच्या आवाजात विचारतात की मॅम, लवकर सर्टिफाय होईल का. मी माझं काम लवकर करते, पुढचं माझ्या हातात नसतं.

म्हणून म्हणते, मंडळाची हजार-पंधराशे डॉलरची स्कॉलरशिप हायस्कूलच्या मुलाच्या घरी बऱ्याचदा कौतुकाची बाब असते, आई-वडील दोघं नोकरीला असतात आणि फी तशीही भरली जाणारच असते. या मुलाला तीच रक्कम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मिळाली तर ती थेट भाड्यात जाते.

आता क्रेडिट ट्रान्स्फर. खरं दुखणं हे आहे आणि यावर थोडं थांबूनच लिहिते, कारण हे एकदा समजलं की बाकी सगळं समजतं.

आर्मी, नेव्ही, मरीन आणि कोस्ट गार्डमधल्या प्रत्येकाचं जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्स्क्रिप्ट असतं, त्याला जेएसटी म्हणतात. एअर फोर्सवाल्यांचं वेगळं, त्यांचं स्वतःचं कम्युनिटी कॉलेजच आहे १९७२ पासून. भाच्याचं जेएसटी आम्ही डायनिंग टेबलवर पसरून बसलो होतो. प्रत्येक ट्रेनिंगचं नाव, मिलिटरी कोर्सचा नंबर, तारखा, आणि शेजारी अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची शिफारस, की या ट्रेनिंगला अमुक विषयात इतके सेमिस्टर अवर्स द्यावेत. शेवटच्या रकान्यात एक अक्षर, एल असेल तर लोअर लेव्हल, यू असेल तर अप्पर, व्ही असेल तर व्होकेशनल. पोरगा कॉम्बॅट मेडिक, सॅन अँटोनियोला फोर्ट सॅम ह्यूस्टनमध्ये सोळा आठवड्यांचं ट्रेनिंग, ईएमटी म्हणजे तातडीच्या वैद्यकीय सेवेचं नॅशनल सर्टिफिकेट, पुढे युनिटमध्ये प्रत्यक्ष काम. पानंच्या पानं भरलेली. बहीण म्हणाली, अगं म्हणजे याचं एक वर्ष तरी वाचलं!

पण ही नुसती शिफारस असते. द्यायचं की नाही, आणि दिलं तर कशाखाली, हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं. त्याला बायॉलॉजी करायचं होतं. ज्या कॉलेजात प्रवेश मिळाला तिथल्या इव्हॅल्युएशनमध्ये बेसिक ट्रेनिंगला फिजिकल एज्युकेशनचे क्रेडिट मिळाले आणि मेडिकचं जवळजवळ सगळं फ्री इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे मुख्य विषयाबाहेरच्या ऐच्छिक कोर्समध्ये, गेलं. बायॉलॉजीच्या डिग्रीत फ्री इलेक्टिव्हला जागा किती? अगदी थोडी. म्हणजे ट्रान्स्क्रिप्टवर आकडा मोठा दिसतो, सगळे म्हणतात वा वा, आणि डिग्रीतून प्रत्यक्षात दोन-तीन कोर्स कमी होतात. मग त्याने डिपार्टमेंटकडे अपील केलं, ट्रेनिंगचा सिलॅबस जोडला, सर्टिफिकेट जोडलं, एका प्रोफेसरबाईंनी स्वतः वेळ काढून सगळं वाचलं आणि आणखी थोडं मान्य झालं. अपील करता येतं हेच बऱ्याच मुलांना माहीत नसतं, त्यांना सवय वरून आलेला आदेश पाळायची, समोरच्या खिडकीतल्या माणसाने नाही म्हटलं की विषय संपला.

आणि यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जीआय बिल फक्त डिग्रीत मोजल्या जाणाऱ्या कोर्सचेच पैसे देतं. सैन्यात असताना रात्री जागून ऑनलाइन कोर्स केलेत (तेव्हा ट्यूशन असिस्टन्स मिळतो, क्रेडिटमागे २५० डॉलरपर्यंत, वर्षाला ४५०० पर्यंत), त्यातला एखादा नव्या कॉलेजने मान्य केला नाही तर तो विषय परत घ्यावा लागतो, आणि परत घेतला की ३६ महिन्यांतलेच दिवस खर्च होतात. हरवलेल्या प्रत्येक क्रेडिटची किंमत या मुलाच्या वेळेत मोजली जाते, आणि शेवटच्या सेमिस्टरला बिल संपलं की मग लोन. अशी लोन घेताना मी पाहिलीत, डिग्रीला एक सेमिस्टर बाकी असताना.

त्यामुळे कॉलेज निवडताना 'नाव कुठलं' याच्या आधी 'माझे किती क्रेडिट माझ्या मेजरमध्ये म्हणजे मुख्य विषयात लागतील, लेखी द्या' हे विचारायला हवं. राज्याराज्यात फरक आहे. न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजची असोसिएट इन आर्ट्स किंवा सायन्स डिग्री पूर्ण करून त्याच राज्याच्या सरकारी युनिव्हर्सिटीत गेलं तर पहिल्या दोन वर्षांचे क्रेडिट सलग धरले जातात, तसा राज्यभराचा करारच आहे २००८ पासून. कॅलिफोर्नियात यूसीला म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला ज्युनियर म्हणून, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, ट्रान्स्फर व्हायला ६० सेमिस्टर युनिट लागतात. टेक्ससमध्ये हेझलवूड कायदा आहे, तिथल्या पात्र व्हेटरन्सना सरकारी कॉलेजात १५० क्रेडिट अवर्सपर्यंत ट्यूशन माफ. तुमच्या मंडळात या राज्यांत वीस-तीस वर्षं राहिलेली माणसं आहेत, त्यांच्या मुलांनी याच युनिव्हर्सिट्यांतून डिग्र्या घेतल्यात, काहीजण तर तिथे शिकवतात. त्यांच्याकडून दोन फोन झाले तर या मुलाचं एक सेमिस्टर वाचू शकतं.

आई-वडिलांशी पण दोन शब्द बोलते, कारण मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे पत्र शेवटी तुम्हीच वाचणार आहात. मी असे आई-बाबा बघितलेत जे कार्यक्रमात कुणी विचारलं की मुलगा काय करतो तर म्हणतात, सध्या बाहेर असतो. बाहेर म्हणजे कुठे, तर जपानमध्ये नेव्हीच्या बेसवर, किंवा कोरियात. मुलगी मरीनमध्ये गेली म्हणून नातेवाइकांना दोन वर्षं सांगितलं नाही असंही एक घर मला माहितीये. आणि पोर परत आलं की सगळ्यांचा प्रश्न एकच, मग आता कितव्या वर्षाला? तेविसाव्या वर्षी सोफोमोर, म्हणजे दुसऱ्याच वर्षाला? अहो, त्या वयात त्या मुलाने दहा माणसांची जबाबदारी घेतलेली असते, लाखो डॉलरच्या यंत्राची देखभाल केलेली असते, कुणाचं तरी रक्त थांबवलेलं असतं. तो मागे पडलेला नाही. त्याला तसं वाटायला लावू नका, प्लीज.

आणि व्यवहाराचं सांगायचं तर एफएएफएसए म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीचा फॉर्म भरताना व्हेटरन मुलगा इंडिपेंडंट धरला जातो, तुमचं उत्पन्न त्यात येतच नाही. आपल्या घरांतून मी कितीदा ऐकते की आमचा पगार जास्त, आम्हाला काही एड मिळणार नाही, म्हणून फॉर्मच भरत नाहीत. भरा. त्याच्या एकट्याच्या उत्पन्नावर पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) मिळू शकते आणि ती जीआय बिलाच्या वर मिळते. तसंच २०१४ च्या कायद्यामुळे जीआय बिल वापरणाऱ्यांना सरकारी युनिव्हर्सिट्या इन-स्टेट दर लावतात, त्यामुळे दुसऱ्या राज्यात चांगला प्रोग्राम असेल तर जाऊ द्या.

मोठी नावं हवी असतील तर तीही आहेत. कोलंबियाचं स्कूल ऑफ जनरल स्टडीज १९४७ मध्ये सुरू झालं ते दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांची गर्दी समोर होती म्हणूनच. तेव्हा अमेरिकेत कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे व्हेटरन होते, रूझवेल्टनी २२ जून १९४४ ला सही केलेल्या पहिल्या जीआय बिलामुळे. प्रिन्स्टनने १९९० पासून ट्रान्स्फर घेणंच बंद केलं होतं, २०१८ मध्ये परत सुरू केलं तेव्हा व्हेटरन्स आणि कम्युनिटी कॉलेजची मुलं नजरेसमोर ठेवूनच. येलचा एली व्हिटनी प्रोग्राम शिक्षणात मोठा खंड पडलेल्यांसाठी आहे. सर्व्हिस टू स्कूल नावाची संस्था अर्जासाठी फुकट मार्गदर्शन करते, आधी तिथून गेलेला व्हेटरनच जोडून देते. वॉरियर-स्कॉलर प्रोजेक्ट युनिव्हर्सिट्यांत छोटे फुकट अभ्यासवर्ग घेतं, बरीच वर्षं निबंध न लिहिलेल्या हाताला परत सवय लागावी म्हणून. ही नावं मंडळाच्या वेबसाइटवर एका कोपऱ्यात टाकायला काहीच खर्च नाही.

अर्जाच्या निबंधाबद्दल एक सांगते, कारण मेंटॉरिंग करणाऱ्या आपल्या लोकांकडून इथे नकळत दुखावलं जातं. मुलगा सैन्यातला म्हटलं की सगळ्यांना युद्धाची गोष्ट हवी असते. काय बघितलंस, कुणी गेलं का, तेच लिही, अॅडमिशनवाल्यांना आवडेल. असं कुणाला सांगू नका. त्याला जे सांगायचं नाही ते त्याचं आहे. ट्रान्स्फरच्या निबंधात मुख्य प्रश्न असतो की हाच विषय का, इथेच का, आणि आत्ताच का, आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा अगदी साध्या कामात असतं. माझ्याकडे एक मुलगी आली होती, नेव्हीत सप्लायला होती, तिने पहिल्या मसुद्यात सगळी अक्षरांची संक्षिप्त नावं आणि पदकं लिहिली होती, वाचून काहीच कळत नव्हतं. मी विचारलं की बोटीवर तुझा मंगळवार कसा जायचा? तर तिने सांगितलं की एक सुटा भाग कुठे अडकलाय हे शोधायला तिने तीन बंदरांत मेल टाकल्या, हाताने तक्ता केला, आणि मग तिला असे तक्तेच करत बसायला आवडायला लागलं. तेच लिहिलं तिने. आज ती स्टॅटिस्टिक्स करतेय.

शिफारसपत्राचं पण तसंच. कॉलेजला प्रोफेसरचं पत्र हवं असतं आणि याच्याकडे असतो सार्जंट, जो चार ओळींत लिहितो की उत्तम सैनिक, जरूर घ्या. कम्युनिटी कॉलेजात एक-दोन सेमिस्टर केली तर तिथल्या शिक्षकांचं पत्र मिळतं, नाहीतर सार्जंटलाच कुणीतरी समजावून सांगावं लागतं की एखादा प्रसंग लिहा, काम शिकायला किती वेळ लागला ते लिहा. हे समजावणं मेंटॉर करू शकतो, आणि मेंटॉर म्हणून तुमच्याकडे माणसं आहेत.

तर मंडळांनी नेमकं काय करावं. फॉर्मवरची 'हायस्कूल सिनियर' ही अट काढून 'पहिल्या पदवीसाठी प्रवेश घेणारा किंवा ट्रान्स्फर होणारा, वयाची अट नाही' असं लिहा. एसएटीच्या जागी कॉलेज ट्रान्स्क्रिप्ट किंवा जेएसटी चालेल असं लिहा. काउन्सेलरऐवजी कमांडरचं किंवा सुपरवायझरचं पत्र चालेल म्हणा. सेवेचा पुरावा म्हणून डीडी-२१४ हा सैन्यातून सुटल्याचा दाखला मागाल तर आधी सोशल सिक्युरिटी नंबर झाकून मग पाठवायला सांगा, तो कागद मंडळाच्या जीमेलमध्ये पडून राहायची वस्तू नाही. शेवटची तारीख एप्रिलची असेल तर ती पुढे न्या, कारण ट्रान्स्फरचे निकाल उशिरा लागतात, यूसीचंच बघा, एप्रिलअखेरपर्यंत निकाल आणि १ जूनपर्यंत हो म्हणायचं, त्यामुळे जूनअखेर ठेवली तर कुणी सुटणार नाही. चेक जुलैअखेर द्या, भत्ता सुरू व्हायच्या आधी हातात पडेल असा. आणि गुणवंतांचा सत्कार करता तेव्हा या मुलांनाही बोलवा, बारावीवाल्यांच्याच रांगेत, वेगळं देशभक्तीचं भाषण न करता. किती क्रेडिट मान्य झाले, कुठला मेजर घेतला, एवढं विचारा स्टेजवर, बास.

ज्या मंडळांना फॉर्मचा मसुदा बदलायचाय त्यांचा मसुदा मी वाचून देईन, ट्रान्स्फरच्या मुलांसाठी कुठले कागद मागायचे आणि कुठले मागायचे नाहीत हे लिहून देईन. वेळ संध्याकाळी असतो माझ्याकडे, ऑगस्टचे शेवटचे दोन आठवडे सोडून, तेव्हा सर्टिफिकेशनचा ढीग असतो.

आपली,
व्हेटरन्स ऑफिसात काम करणारी एक मावशी